संडास धुवायला तीस टक्के कशाला?

18 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या अ‍ॅसिडहल्ल्यांबाबतच्या प्रकरणात अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीबद्दल आदेश दिला. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, तीत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किती माल दिला ते लिहायचं. घेणाऱ्याने सरकारी ओळखपत्र दाखवायचं आणि अ‍ॅसिड कशासाठी हवंय ते सांगायचं. 18 वर्षांखालच्या कुणाला विकायचं नाही. दुकानातला साठा 15 दिवसांत उपविभागीय दंडाधिकाऱ्याला कळवायचा. न कळवल्यास माल जप्त आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. या आदेशाला एक तप उलटून गेलं. आता इंदुरातल्या एखाद्या जुन्या वसाहतीत सकाळच्या वेळी गॅलरीत उभे राहा. हातगाडीवर कॅन रचून फिनाइलवाला येतो, ‘फिनाइल, तेजाब’ अशी हाळी देतो आणि तुम्ही खाली नेलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत लिटरभर ओतून देतो. तो आधार कार्ड मागत नाही. मागितलं, तर आपणच त्याच्याशी हुज्जत घालू, की भिया, संडास धुवायचाय, बँकेत खातं उघडायचं नाहीये.

कायदा पाळला जात नाही, अशी ओरड करणारे लेख पुष्कळ आहेत. त्यात मला भर घालायची नाही. माझं म्हणणं असं, की घरगुती अ‍ॅसिडच्या बाबतीत नोंदवही हे हत्यारच चुकीचं निवडलं गेलं. कोण विकत घेतो यावर पहारा बसवला आणि बाटलीत काय भरलंय ते तसंच राहिलं. घरात वापरायला म्हणून जे हायड्रोक्लोरिक आम्ल विकलं जातं, ते 10 टक्क्यांहून जास्त असताच कामा नये. त्यावरचं सगळं परवाना असलेल्या धंद्यालाच मिळावं. हा विचार अगदी नवा आहे असंही नाही. न्यायालयापुढे नमुना नियमांची जी रूपरेषा आली, तिच्यात आम्ल कोणत्या रूपात आणि किती टक्क्यांचं विकावं हा मुद्दा होता. पण ओळखपत्र आणि नोंदवही यांचीच बातमी झाली, आणि टक्केवारीचं नावही कुणी काढलं नाही.

टक्केवारीला एवढं महत्त्व का, यासाठी शाळेतल्या रसायनशास्त्राकडे जरा जावं लागेल. तीव्र आम्ल आणि संहत (म्हणजे पाणी कमी, आम्ल जास्त असलेलं) आम्ल यांतला फरक आपण परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात गेलं, की त्याचे जवळजवळ सगळे रेणू फुटतात आणि हायड्रोजनचे आयन सुटे होतात. म्हणून ते तीव्र, आणि त्यात कितीही पाणी घातलं तरी तीव्रच. हेच आम्ल या क्षणी तुमच्या-माझ्या जठरात आहे, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि सकाळचे पोहे-जिलबी पचवतंय. उलट अ‍ॅसेटिक आम्ल रसायनशास्त्राच्या हिशेबात सौम्य, पण जवळजवळ शुद्ध स्वरूपातलं कातडीवर पडलं तर फोड येतात. तेच 4-5 टक्क्यांचं केलं, की व्हिनेगर म्हणून आपण नूडल्सवर शिंपडतो. म्हणजे इजा होणार की नाही, हे आम्लाच्या नावापेक्षा त्याच्या प्रमाणावर पुष्कळ ठरतं. कायदा करणाऱ्यांनी धरून ठेवावा असा धागा हाच.

कारखान्यातून निघणारं औद्योगिक हायड्रोक्लोरिक आम्ल 30 ते 33 टक्क्यांचं असतं. बाजारात त्याचा पिवळसर रंग दिसतो, तो त्यात मिसळलेल्या लोखंडाचा. गाडीवाल्याने पुढे त्यात किती पाणी घातलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. (दुधातल्या पाण्यावर आपण चिडतो, या पाण्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.) या आम्लाची एक खोड अशी, की 20 टक्क्यांच्या आसपास त्याचं वागणं बदलतं. 20.2 टक्क्यांचं द्रावण उकळलं, तर पाणी आणि आम्ल त्याच प्रमाणात एकत्र उडून जातात. त्याहून संहत असेल, तर आधी आम्लाचा वायू सुटतो. त्याहून पातळ असेल, तर आधी पाण्याची वाफ जाते. बाटलीचं झाकण उघडताच जो पांढुरका धूर वर येतो, तो संहत आम्लातून सुटलेला वायू हवेतल्या दमटपणाला भेटल्याचा. 10 टक्क्यांच्या आम्लातून तो जवळजवळ येतच नाही. संडासाची खोली ती केवढी, वर एक झरोका, दार लोटलेलं आणि खाली वाकून घासणारी बाई. तिच्या नाकाघशाला झोंबणारा आणि दम्याच्या माणसाला बेजार करणारा वायू टक्केवारी उतरवल्याने बराचसा नाहीसा होणार असेल, तर ती का उतरवू नये?

युरोपात रसायनांचं वर्गीकरण करताना 25 टक्के आणि त्यावरच्या हायड्रोक्लोरिक आम्लाला त्वचा जाळणारं म्हणतात, 10 ते 25 टक्क्यांच्या आम्लाला दाह करणारं. सल्फ्युरिकच्या बाबतीत जाळण्याची हद्द 15 टक्क्यांवरच सुरू होते, आणि फेब्रुवारी 2021पासून लागू असलेल्या तिथल्या नियमानुसार सामान्य माणसाला 15 टक्क्यांहून जास्त सल्फ्युरिक आम्ल परवान्याशिवाय मिळत नाही. त्या नियमामागे स्फोटकांची भीती आहे, संडासांचा तिथे संबंध नाही. पण सामान्य ग्राहकाला किती टक्के द्यायचे हे ठरवून कायदा लिहिता येतो, एवढं त्यातून कळतं. आपल्याकडेही दुकानातल्या नामांकित टॉयलेट क्लीनरच्या बाटलीवर मागे बारीक अक्षरात हायड्रोक्लोरिक आम्ल 10 टक्के असंच छापलेलं असतं, आणि त्याने डाग निघतात.

‘निघतात, पण अ‍ॅसिडसारखे नाहीत,’ हे उत्तर मला ठाऊक आहे. इंदुरात त्याला कारणही आहे. नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून आणलेलं, ते एक दिवसाआड येतं. मधल्या दिवशी बोअर. माळव्याच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड. बादलीला, नळाला, गीझरच्या कॉइलला क्षार धरतो, मग संडासाच्या भांड्याचं काय विचारता! हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि आम्लात तो फसफसून विरघळतो. आता हिशेब करू. 10 टक्क्यांच्या एका लिटर हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे 140 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं. एका भांड्यावर महिन्याभरात एवढा थर कुणाच्याच घरी बसत नाही. पातळ आम्ल कमी पडत नाही, त्याला वेळ लागतो इतकंच. रात्री ओतून सकाळी ब्रश मारला, तर तेच काम होतं. आपल्याला मात्र ओतल्याबरोबर फस्स आवाज ऐकायचा असतो.

आणि तो आवाज कशाकशाचा असतो, हेही बघायला हवं. रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या मराठी घरांत अजून कोटा फरशी आहे. कोटा हा चुनखडक, म्हणजे रासायनिकदृष्ट्या डागाचाच सख्खा भाऊ. संडासाबाहेर अ‍ॅसिडचा एक ओघळ गेला, की फरशीची निळसर झिलई जाते आणि खरखरीत पांढुरका पट्टा उरतो. संगमरवराचं तेच. टाइल्सच्या फटींतलं सिमेंटही पोखरलं जातं आणि पुढे सगळा राग प्लंबरवर निघतो. नुसत्या वायूनेसुद्धा स्टीलच्या नळांवर तांबूस ठिपके पडतात. सेप्टिक टँक असेल, तर मैला कुजवणारे जिवाणू वारंवारच्या अ‍ॅसिडने मरतात. एक स्वच्छ भांडं मिळवायला आपण घराची बाकीची किती झीज सोसतो, हे कुणी मांडून पाहिलेलं नाही.

अ‍ॅसिड विकत घेणारा आणि वापरणारा, ही बहुतेक घरांत दोन वेगळी माणसं असतात. ‘भाभी, तेजाब मँगवा दो, दाग नहीं जा रहे,’ असं बाई सांगते. भाभी गाडीवाल्याला थांबवते. ओतायचं, घासायचं आणि खोकायचं काम बाईकडे. हातमोजे द्यायचे असतात हे भाभीच्या डोक्यात येत नाही आणि मागायचे असतात हे बाईच्या. न्यायालयाच्या नोंदवहीत नाव लिहिलं गेलंच, तर तेही भाभीचंच जाणार. त्या नोंदीने बाईच्या फुप्फुसाचं काय संरक्षण होतं? बाटलीतली टक्केवारी उतरली, तर ते संरक्षण कुणी न मागता मिळतं. माणसाच्या शिस्तीवर अवलंबून असलेला नियम आणि वस्तूतच भरून दिलेला नियम, यांत मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

हेही कबूल करायला हवं, की पातळ केल्याने सगळे धोके जात नाहीत. सर्वांत मोठा राहतो तो ब्लीचचा. अ‍ॅसिडने निघालं नाही म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकायची, किंवा मोरीत आधी ब्लीच पडलेलं असताना अ‍ॅसिड ओतायचं, हा प्रकार घरोघरी चालतो. दोघांच्या भेटीतून क्लोरीन वायू निघतो. एप्रिल 1915मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच. 10 टक्क्यांच्या आम्लातूनही तो निघतो; म्हणून बाटलीवर ‘ब्लीचमध्ये मिसळू नका’ हे हिंदीत ठळक अक्षरांत आणि चित्रासकट छापणं सक्तीचं हवं. पाण्याच्या नि थंड पेयाच्या बाटलीतून विकल्या जाणाऱ्या अ‍ॅसिडवर तर कसलंच लेबल नसतं. तहानलेलं पोर येतं, फ्रीजशेजारची बाटली तोंडाला लावतं. संहत आम्लाच्या एका घोटाने अन्ननलिका आणि जठराचं तोंड भाजतं, पुढे जखम भरताना ते आकसतं आणि घास उतरेनासा होतो. त्यापुढे वर्षभर दवाखान्याच्या वाऱ्या. अशा वेळी ओकारी काढायला लावतात, तेही चूक. वर येताना तेच आम्ल दुसऱ्यांदा भाजतं. तोंड धुवायचं आणि गाडी काढून थेट एमवाय रुग्णालय गाठायचं. अंगावर पडलं असेल, तर निदान 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं. खायचा सोडा चोळायचा नाही.

आता हल्ल्यांचा प्रश्न, ज्याच्यापासून हे सगळं प्रकरण सुरू झालं. 2013मध्येच भारतीय दंड संहितेत 326अ हे कलम आलं, ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम 124 आहे. किमान 10 वर्षं, कमाल जन्मठेप. शिक्षा कडक आहे आणि असायलाच हवी. पण ज्याने सूड घ्यायचं ठरवलंय, तो नोंदवहीत खोटं नाव लिहील, किंवा मुळात नोंदवही नसलेल्या गाडीवर जाईल. गाडीवरच्या कॅनमध्ये 10 टक्क्यांचंच आम्ल असेल, तर त्याच्या हाती जे लागेल त्याने डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते, पण चेहरा वितळणार नाही. ‘तो बॅटरीचं आणेल’ असं कुणी म्हणेल. आणू शकतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत सुमारे 37 टक्क्यांचं सल्फ्युरिक असतं. पण सगळीच दारं बंद होत नाहीत म्हणून सताड उघडं असलेलं दार तसंच ठेवायचं का? बांगलादेशने 2002मध्ये दोन कायदे केले, त्यांतला एक फक्त आम्लावरच्या नियंत्रणाचा. आयात, उत्पादन, वाहतूक, साठवण, विक्री अशी सगळी साखळी परवान्याखाली आणली. तिथले हल्ले त्यानंतर खूप कमी झाले. साखळी वरून धरली, हे त्यात महत्त्वाचं. आपण ती शेवटच्या हातगाडीपाशी धरायला गेलो.

खरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो हलका नाही. मोकळं अ‍ॅसिड कंपनीच्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. एका खोलीत सहा माणसं आणि चार घरांत मिळून एक संडास, अशा वस्तीत दर महिन्याला महागडी बाटली आणा म्हणणं सोपं आहे. अ‍ॅसिड एवढं स्वस्त का, हे मात्र पाहण्यासारखं आहे. कॉस्टिक सोडा करताना मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात, तेव्हा टनभर सोड्यामागे साधारण 0.89 टन क्लोरीन निघतो, हवा असो वा नसो. इथून शंभरेक किलोमीटरवर नागद्याला हा धंदा चालतो. क्लोरीन साठवणं जिकिरीचं, म्हणून त्यातला बराचसा हायड्रोजनमध्ये जाळून हायड्रोक्लोरिक आम्ल करतात आणि मिळेल त्या भावाला काढून टाकतात. म्हणजे कंपनीच्या बाटलीत महाग आहे ते आम्ल नव्हेच; महाग आहेत सुगंध, घट्टपणा, रंग आणि टीव्हीवरची जाहिरात. 30 टक्क्यांच्या एका लिटरात दोन लिटर पाणी घातलं, की साधारण 10 टक्क्यांचं तीन लिटर होतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हे काम घरी करायला सांगणं धोक्याचं, पण वसाहतीतले बचत गट फिनाइल बनवतातच. घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात देखरेखीखाली पातळ करून झाकणबंद बाटल्या भरायचं काम त्यांना देता येईल. वाहतूक वाढेल, बाटलीचा खर्च येईल, त्यामुळे आजच्यापेक्षा थोडं महाग पडेल. ते मी नाकारत नाही. नुसता क्षार काढायचा असेल, तर फरसाणवाल्यांना लागते ती टाटरी, म्हणजे सायट्रिक आम्ल, कुठल्याही किराण्यात मिळते. गरम पाण्यात घालून बादल्या-नळ तिनेच उजळतात. जाड पिवळ्या थरावर तिचा जोर पुरत नाही, तेवढ्यापुरतं 10 टक्क्यांचं आम्ल.

ज्यांना संहत आम्ल खरोखर लागतं, त्यांची गोष्ट निराळी. सराफ्यात रात्री आपण गराडू आणि भुट्ट्याचा कीस खायला जातो. दिवसा तिथे सोन्या-चांदीचा बाजार असतो, आणि सोनं आलं तिथे तेजाब आलंच. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विटा, आटपाडीकडून निघालेले गलाईवाले देशभरातल्या सराफ बाजारांत पसरलेत. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं वेगळं काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. सोन्यात पुरेशी चांदी मिसळून तो गोळा नायट्रिक आम्लात टाकला, की चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं खाली उरतं. सोनंच विरघळवायचं, तर तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. या कामाला पातळ आम्ल देऊन भागणार नाही. पण त्यातून निघणारा तपकिरी धूर, नायट्रोजन डायऑक्साइड, फार लबाड. श्वासातून गेला तर त्या वेळी थोडा खोकला येतो, माणूस जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. माडीवरच्या कोंदट खोलीत, एका खिडकीच्या भरवशावर हे काम चालतं, तिथे धूर ओढून घेणारी यंत्रणा परवान्याची अट म्हणून हवी. नोंदवहीसुद्धा इथेच शोभते. जागा ठरलेली, पुरवठादार ठरलेला, महिन्याला किती लागतं त्याचा अंदाज ठरलेला. वहीत खोटं लिहिलं, तर ते पकडता येतं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा करत आपण घरगुती गिऱ्हाइकालाही गलाईवाल्याच्या रांगेत उभं केलं आणि शेवटी दोघांचीही वही कोरी राहिली.

हे करायला दिल्लीकडे बघायची गरज नाही. 1919च्या विष अधिनियमाने विषारी पदार्थांच्या विक्रीचे नियम करायचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. आम्लाच्या विक्रीचे नियम त्याखालीच येतात. भोपाळने ठरवलं, तर घरगुती विक्रीची कमाल टक्केवारी, सीलबंद बाटली आणि लेबल एवढं एका अधिसूचनेत बसतं. अंमलबजावणीचं म्हणाल, तर 2017 ते 2023 सलग स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवणाऱ्या या शहराला ते जमणार नाही, असं निदान इंदूरकराने तरी म्हणू नये. पातळ पिशवी दिसली, की दंडाची पावती फाडणारी महापालिकेची पथकं आहेत. कचरागाडीत घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, त्यात आपण फुटलेली ट्यूबलाइट इमानाने टाकतो. त्याच पथकांनी महिन्यातून एकदा अ‍ॅसिडच्या घाऊक गोदामात जाऊन कॅनची घनता मोजावी. हायड्रोमीटर बॅटरीवाल्याकडेही असतो: 10 टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिकची घनता 1.05च्या जवळ येते, 30 टक्क्यांची 1.15. प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. दंड गोदामाला व्हावा, हातगाडीवाल्याला नव्हे. त्याच्या गाडीवर कॅनच्या जागी सीलबंद बाटल्या आल्या, तर त्याचा धंदाही चालू राहील आणि त्याचे हातही भाजायचे थांबतील.